जुना प्रेस भंगारात घालण्याआधी

भिवंडीतील आमच्या गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात एक हायड्रॉलिक प्रेस नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभा होता. कापडाचे तागे रचून, दाबून त्यांची गाठ बांधण्याचा हा प्रेस. २०२४ च्या उन्हाळ्यात गोदामात जागा कमी पडू लागली तेव्हा आम्ही भंगारवाल्याला बोलावले. त्याने प्रेसभोवती एक फेरी मारली, खांबाला हात लावून पाहिला आणि किलोचा भाव सांगितला. भाव वाईट नव्हता. सौदा जवळजवळ ठरला होता. तो का मोडला, प्रेस पुन्हा कामाला कसा लागला, त्यात पैसे किती गेले आणि कोणती चूक आम्हाला कबूल करावी लागली, हा सारा हिसाब व्यापारी बांधवांपुढे ठेवावा असे वाटले. आज अनेकांच्या गोदामात असे एखादे जुने यंत्र पडून आहे आणि त्याची किंमत आपण बहुधा भंगारवाल्याच्याच तोंडून ऐकतो.

प्रेसची गरज आम्हाला नव्हती असे नाही. नऊ वर्षे आम्ही माल बाहेर पॅकिंगला देत होतो. एका गाठीमागे दीडशे रुपये, शिवाय टेम्पोची नेआण आणि पॅकिंगवाल्याच्या सवडीची वाट पाहणे. घाईच्या वेळी माल हातगाठी बांधूनच पाठवावा लागे. हातगाठ सैल राहते, जागा जास्त खाते आणि ट्रान्सपोर्टवाला जागेचे पैसे लावतो. पावसाळ्यात सैल गाठीत ओल शिरते आणि कडेच्या ताग्यांवर डाग पडतात, त्याची वजावट पार्टी बिलातून करते. घरातल्या तरुण मंडळींचे म्हणणे होते की नवा प्रेस घ्या. साडेचार लाखांचे कोटेशन आले. एवढी रक्कम हातात नव्हती, म्हणजे कर्ज काढावे लागणार होते आणि कर्ज म्हटले की सूद आला.

जुना प्रेस आमच्या मरहूम वालिदसाहेबांनी घेतलेला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत कित्येक गिरण्यांचे सामान बाजारात आले. त्यातच हा प्रेस एका जुन्या माल विकणाऱ्याकडून आमच्याकडे आला. त्याच्यावरची पितळी पट्टी इतकी घासली गेली आहे की बनवणाऱ्याचे नाव वाचता येत नाही, फक्त ‘इंग्लंड’ एवढी अक्षरे उरली आहेत. चार पोलादी खांब, वर ओतीव लोखंडाचे जाड डोके, खाली सिलिंडर, त्यातून वर उठणारा सहा इंच व्यासाचा रॅम आणि बाजूला मोटरवर चालणारा दोन दट्ट्यांचा पंप.

भंगारवाला वजनकाटा आणायला गेला असताना आमचे जुने मिस्त्री योगायोगाने गोदामात आले. वय सत्तरीच्या पुढे. सायझिंगची यंत्रे आणि असले प्रेस दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. त्यांनी ताडपत्री उचलली, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “सेठ, आधी उघडून बघू. तडा असेल तर मीच भंगारवाल्याला फोन करतो.”

आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

पहिली तपासणी लोखंडाची

मिस्त्रींनी पहिले तीन दिवस एकही पाना लावला नाही. आधी सगळा प्रेस घासलेटने धुतला. मग वरचे डोके, खांबांची मुळे आणि सिलिंडरची कड घासलेटने भिजवून तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून त्यावर खडूची पूड फासली. लोखंडात केसाएवढी चीर असेल तर तिच्यात शिरलेले घासलेट बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. मोठ्या कारखान्यांत यासाठी रंगाची औषधे मिळतात, पण तत्त्व तेच.

रेघ उमटली नाही. मिस्त्रींनी तेव्हाच सांगितले, “आता बाकी सगळे होईल.”

ही गोष्ट वाचकांनी गाठीला बांधून ठेवावी. जुन्या प्रेसचा फैसला त्याच्या रंगावर, गंजावर किंवा तेलाच्या थारोळ्यावर होत नाही. सिलिंडरला किंवा डोक्याला तडा असेल तर मोह धरू नये. ओतीव लोखंडावर वेल्डिंग मारून तो प्रेस चालवणे म्हणजे कामगाराच्या डोक्यावर दगड टांगणे होय. अशा वेळी भंगारवाला बरोबर असतो. पण तडा नसेल, तर राहिलेली दुखणी बहुतेक पॅकिंगची, व्हॉल्व्हची आणि घाणीची असतात आणि ती बरी होतात.

शाळेतला धडा, गोदामातले यंत्र

आम्ही शिकलो उर्दू शाळेत. विज्ञानाच्या पुस्तकात ‘पास्कलचा कानून’ होता, तो आम्ही तोंडपाठ केला होता. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले. मात्र घरच्या गोदामात रोज धडधडणारे यंत्र याच कानूनवर चालते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पन्नाशी ओलांडल्यावर ते मिस्त्रींकडून समजले.

हिसाब सोपा आहे. आमच्या पंपाचा लहान दट्ट्या अर्ध्या इंचाचा, रॅम सहा इंचांचा. व्यासात फरक १२ पट, म्हणून क्षेत्रफळात १४४ पट. लहान दट्ट्यावर १ किलोचा जोर दिला तर रॅमवर १४४ किलोचा जोर मिळतो. त्याच्या बदल्यात रॅम एक इंच उठवायला लहान दट्ट्याला १४४ इंच चालावे लागते. दुनियेत फुकट काही मिळत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणूनच पंपाला दोन दट्टे असतात. गाठ सैल असेपर्यंत मोठा दट्ट्या रॅम भरभर उचलतो आणि दाब वाढला की लहान दट्ट्या एकटा काम करतो. सहा इंची रॅमचे क्षेत्रफळ सुमारे १८२ चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १२० किलो ठेवला तर गाठीवर सुमारे २२ टनांचा भार पडतो.

या कानूनवर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली घेतले. कल्पना चांगली होती, पण अडचण एकच आली. दाब वाढला की रॅमच्या बाजूने पाणी बाहेर येई. पॅकिंग घट्ट करावे तर रॅम अडकतो, सैल ठेवावे तर गळतो. त्यावरचा उपाय त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्सले या तरुण कारागिराने काढला असे मानले जाते. त्याने चामड्याचे वाटीसारखे पॅकिंग बसवले. दाब वाढला की वाटीची कड आपोआप फाकून रॅमला घट्ट धरते, दाब गेला की सैल पडते. आज पॉलियुरेथेनची सील मिळतात, पण आकार तोच वाटीचा आहे. या मॉड्सलेकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

आत काय निघाले

मिस्त्रींनी प्रेस उघडला तेव्हा पहिली चीज निघाली ती आपल्याच धंद्याची. टाकीतली तेल गाळण्याची जाळी काढली तर तिच्यावर सुताच्या उडत्या कचऱ्याचा नमद्यासारखा जाड थर बसलेला. गोदामात कापडाचा फाया सदा उडत असतो. टाकीचे झाकण अर्धे उघडे राहायचे, त्यातून तो वर्षानुवर्षे तेलात पडत गेला. जाळी तुंबली की पंप तेल ओढू शकत नाही, हवा ओढतो. तेल दबत नाही, पण हवा दबते, म्हणून रॅम झटके देत उठतो आणि गाठ कधी घट्ट, कधी सैल येते. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की पंप म्हातारा झाला.

तेल दुधासारखे पांढरे झाले होते, म्हणजे त्यात पाणी शिरलेले. त्या पाण्याने रॅमवर गंजाचे बारीक खड्डे पडले होते. असे खड्डे नव्या सीलची कड कानशीप्रमाणे घासून टाकतात. तेव्हा नुसती सील बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. रॅम कुर्ल्याला पाठवला. तिथे आधी ग्राइंडिंग करून खड्डे काढले, त्यावर हार्ड क्रोम चढवला आणि पुन्हा मूळ मापावर ग्राइंड केला.

सीलसाठी नागदेवी स्ट्रीटला दोन दिवस फिरलो. इंची माप, तेही जुने. तयार सील कुठेच मिळेना. शेवटी एका दुकानदाराने मापाबरहुकूम पॉलियुरेथेनचे कापून दिले. बसवताना मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने एक सील उलटे बसवले, त्याची कड दाबाच्या दिशेला न ठेवता पाठीमागे ठेवली. पहिल्याच चाचणीत तेल वाहू लागले. मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी पोराकडूनच सगळे पुन्हा उघडवून घेतले.

व्हॉल्व्हच्या पोलादी गोळ्या झिजल्या होत्या आणि त्यांची बैठक चरली होती. मिस्त्रींनी बैठक साफ करून नवी गोळी ठेवली, पितळी दांड्याने तिच्यावर एकच ठोका मारला, ती गोळी फेकून दिली आणि दुसरी नवी गोळी बसवली. एका ठोक्यात बैठक गोळीच्या आकाराची होते. ही गोष्ट आम्ही कुठल्याही कॅटलॉगमध्ये वाचली नव्हती.

पाइपाच्या जोडावरचे बोल्ट हा आणखी एक धडा. इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने बोल्टच्या आट्यांचे एक ठराविक माप सुचवले आणि जुनी इंग्रजी यंत्रे त्याच मापावर बनली. त्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, आजच्या मेट्रिक बोल्टचा ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे असतात. आमच्या प्रेसमध्ये मागे कुणीतरी १२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट जोर लावून घुसवला होता. तो चार फेरे चढतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण त्याला पकड नसते. मिस्त्रींनी तो हातात घेतला आणि विचारले, “हा कुणी बसवला?”

तो आमच्याच हुकमाने बसवला गेला होता. कसा, ते आता सांगितले पाहिजे.

आमची चूक

२०१५ चा पावसाळा. सणाच्या ऑर्डरी होत्या आणि गाठी सैल येत होत्या. कारण जाळी तुंबली होती, हे आता कळते. त्या वेळी आम्ही सांगितले की सेफ्टी व्हॉल्व्हचा स्क्रू आणखी आवळा म्हणजे दाब वाढेल. प्रेशर मीटर कित्येक महिने बंद पडला होता. नवा मीटर म्हणजे काही शेकड्यांचा खर्च, तो आम्ही आज-उद्यावर ढकलत राहिलो. दाब किती आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. एका जोडातून तेल झिरपू लागले तर हाताशी होता तो बोल्ट घुसवला आणि काम चालू ठेवले.

दोन दिवसांनी त्याच जोडातून तेलाची बारीक धार उडू लागली. धार इतकी बारीक की दिसत नव्हती. आमचा एक पॅकिंग कामगार तेल कुठून येते ते पाहायला बोट फिरवू लागला. सुई टोचल्यासारखे झाले म्हणाला. रक्त नाही, जखम नाही, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. आम्ही म्हटले, हात धू आणि थोडा बस. संध्याकाळपर्यंत बोट सुजले. दुसऱ्या दिवशी रात्री इस्पितळात नेले. डॉक्टरांनी सांगितले की दाबाखालचे तेल कातडीच्या आत शिरून पसरले आहे, काही तासांच्या आत आणायला हवे होते. उजव्या हाताची तर्जनी अर्धी कापावी लागली.

इस्पितळाचा खर्च आम्ही केला, पगार चालू ठेवला, पुढे त्याला गाठी मोजण्याच्या व नोंदीच्या कामावर घेतले. तो आजही आमच्याकडे आहे. त्या आठवड्यात प्रेसवर ताडपत्री पडली. बाजारात आम्ही सांगत राहिलो की प्रेस बिघडला. प्रेस बिघडलेला होताच, पण ताडपत्री त्यासाठी टाकली नव्हती. तो नजरेसमोर नको होता. नऊ वर्षांनी भंगारवाल्याला बोलावण्यामागे जागेची अडचण किती आणि हे किती, ते अल्लाह जाणतो.

हे छापायला लाज वाटते. पण आपल्या बाजारात मीटर नसलेले प्रेस आजही चालत असतील, म्हणून छापतो आहोत. हायड्रॉलिक तेलाची गळती हाताने शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. जोड सोडण्याआधी दाब पूर्ण उतरवावा. नळाचे पाइप आणि फिटिंग या कामाला कधीही वापरू नयेत, दाबाचे पाइप वेगळे असतात. आणि कुणाला तेलाची धार लागली, तर ठिपका कितीही लहान दिसो, त्याच घटकेला इस्पितळात न्यावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की दाबाखालचे तेल आत गेले आहे.

चाचणी

प्रेस जोडून झाल्यावर मिस्त्रींनी घाई केली नाही. नवे तेल ६० लिटर भरले, टाकीला घट्ट झाकण आणि हवा गाळणारी टोपी बसवली. रॅम भाराशिवाय वीस वेळा खालीवर करून आतली हवा काढली. मग दाब चढवला, आधी ३५, मग ७०, मग १०५, शेवटी १४०. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटे थांबून मीटरचा काटा किती उतरतो ते वहीत लिहिले. मीटर २५० पर्यंतचा घेतला, म्हणजे काटा नेहमी मधल्या भागात राहील. काम १२० वर करायचे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह १४० ला उघडलाच पाहिजे असे ठरले. त्या व्हॉल्व्हला मिस्त्रींनी तार ओवून शिशाचे सील मारले. सील मारण्याची पक्कड त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. ही अट त्यांची होती आणि आम्ही ती मान्य केली. समोर जाळी लावली आणि दोन बटणांची व्यवस्था केली. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय रॅम उठत नाही.

पहिल्या गाठीच्या दिवशी तो गाठी मोजणारा कामगार दारात उभा होता, आत येईना. आम्ही बोलावले. त्याने प्रेसकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “सेठ, मीटर बसवला?” आम्ही मीटर दाखवला. त्याने काटा चढताना व उतरताना पाहिला. त्या दिवसापासून प्रेस बंद करण्याचा अख्त्यार त्याच्याकडे आहे. काटा १२० च्या पुढे गेलेला दिसला की तो कुणालाही न विचारता स्विच पाडतो. आजवर दोनदा पाडला आहे आणि दोन्ही वेळा तो बरोबर होता.

खर्चाचा हिसाब

रॅमचे ग्राइंडिंग व क्रोम १८,००० रुपये. सील ६,५००. पंप व व्हॉल्व्हची दुरुस्ती ९,०००. मीटर, पाइप व सेफ्टी व्हॉल्व्ह ८,५००. तेल ९,०००. जाळी, बटणे व वायरिंग ७,०००. मिस्त्रींची मजुरी २०,०००. एकूण ७८,००० रुपये. दिवस लागले चोवीस. बाहेरच्या पॅकिंगचा खर्च वाचून, आमची मजुरी व वीज वजा जाता महिन्याला सरासरी साडेसहा हजार सुटतात. म्हणजे वर्षभरात रक्कम वसूल झाली. कर्ज नाही, सूद नाही.

नव्या प्रेसच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्याच्याकडे दिवसाला पन्नास-साठ गाठी निघतात त्याने नवाच घ्यावा. त्याला गॅरंटी असते, सुट्या भागांसाठी नागदेवी स्ट्रीट पालथी घालावी लागत नाही. आमच्याकडे महिन्याला ऐंशी-नव्वद गाठी निघतात. एवढ्या कामासाठी साडेचार लाखांचे कर्ज हे गरजेपेक्षा शेजाऱ्याच्या गोदामाकडे पाहून काढलेले कर्ज ठरले असते. सूदापासून दूर राहण्याबद्दल आपण खूप ऐकतो. आमच्या मते त्याचा पहिला उपाय म्हणजे गरज नीट मोजणे. ज्यांचे काम आमच्याहूनही लहान आहे, त्या चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून एक जुना प्रेस दुरुस्त करून घ्यावा आणि गाठीप्रमाणे खर्च वाटून घ्यावा. पुढे वाद नको म्हणून शर्ती पहिल्या दिवशीच कागदावर लिहाव्यात.

मिस्त्रींची मजुरी

या हिसाबातली एक रक्कम आम्हाला अजून टोचते. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी २०,००० मागितले आणि आम्ही, व्यापाऱ्याच्या सवयीने, १६,००० वर आणले. रॅमचे ग्राइंडिंग करणाऱ्याशी आम्ही घासाघीस केली नाही, सीलवाल्याशी केली नाही, कारण त्यांनी छापील बिल दिले. घासाघीस केली ती ज्याच्या डोक्यात सारी दुरुस्ती होती त्याच्याशी. काम संपल्यावर आम्ही पूर्ण २०,००० दिले. त्यांनी मोजून घेतले, दुआ दिली, पण पहिल्या दिवशीच्या चार हजारांची गोष्ट दोघांनाही आठवत होती.

आता मॉड्सलेकडे परत येऊ. चामड्याची वाटी बसवून ज्याने ब्रामाचा प्रेस चालता केला, त्याने मालकाकडे पगारवाढ मागितली. मालकाने नाकारली. १७९७ साली मॉड्सले बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा कारखाना काढला. त्या कारखान्यात जे तरुण काम करून गेले, त्यांत जोसेफ व्हिटवर्थ होता, ज्याचे आटे आमच्या प्रेसच्या बोल्टांवर आहेत. त्यांतच रिचर्ड रॉबर्ट्स होता, ज्याने १८२२ मध्ये ओतीव लोखंडाचा पॉवरलूम बनवला. भिवंडी-मालेगावची रोजी ज्या यंत्रावर उभी राहिली, त्याच्या पूर्वजांपैकी हा एक. एका मालकाने एका मिस्त्रीची पगारवाढ नाकारली आणि केवढा हुन्नर त्याच्या दारातून बाहेर गेला. मॉड्सलेला निदान दुसरे दार उघडता आले. आपले मिस्त्री बाहेर पडतात ते कुठे जातात? त्यांची मुले रिक्षा चालवतात किंवा मोबाइलच्या दुकानात बसतात. त्यात कमीपणा काही नाही, पण बापाच्या हातातले ज्ञान त्याच्याबरोबरच कबरस्तानात जाते.

आपल्या जलशांत अल-जजरीचे नाव अभिमानाने घेतले जाते. १२०६ साली त्याने यंत्रांवरचा आपला मशहूर ग्रंथ पुरा केला. त्यात दोन सिलिंडरचा पाणी खेचणारा पंप आहे. नाव घ्यावेच. पण तो स्वतः हाताने यंत्रे घडवणारा कारागीर होता, हेही लक्षात ठेवावे. हजरत दाऊद अलैहिस्सलाम लोखंडाची चिलखते बनवत, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. मग आपल्या शादीच्या जेवणात मिस्त्री शेवटच्या दस्तरखानवर का बसतो? मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपण सगळे सांगतो. ती वेळेवर द्यायची, तशी पुरीही द्यायची आहे.

आम्ही एक लहानसे काम सुरू केले आहे. ज्या पोराने सील उलटे बसवले होते, त्याने आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला प्रवेश घेतला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सुट्टीच्या दिवशी तो मिस्त्रींबरोबर फिरतो आणि त्या दिवसांचा रोज आम्ही व बाजारातले आणखी तीन व्यापारी मिळून देतो. चौघांच्या वाट्याला येणारी रक्कम एका हातगाठीवरच्या वजावटीपेक्षा कमी आहे. मिस्त्री जे करतात ते तो वहीत लिहून ठेवतो. कोणत्या प्रेसला कोणते माप, कोणती सील, काटा किती उतरला. वही उर्दूत आहे, मापे इंचात.

आमची विनंती एवढीच की आपल्या गोदामात असे यंत्र पडून असेल, तर भंगारवाल्याच्या आधी एखाद्या मिस्त्रीला बोलवा. उघडून बघण्याची मजुरी आधी ठरवा आणि त्यात घासाघीस करू नका. तडा निघाला तर यंत्र जाऊ द्या. नाही निघाला, तर पहिला खर्च मीटरचा करा. आणि मिस्त्री येतील तेव्हा त्यांच्याबरोबर एक पोरगा उभा करा.

आमचे मिस्त्री गेल्या महिन्यात आले होते. त्यांनी शिशाचे सील तपासले, ते शाबूत होते. जाळी काढून पाहिली. तिच्यावर पुन्हा थोडा फाया जमलाच होता. त्यांनी ती पोराच्या हातात दिली आणि स्वतः खुर्चीवर बसून चहा घेतला.